मानधन की पगार? सांगलीला परतलेल्या एका कार्यकर्तीचा प्रकरण अभ्यास

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्यांना इथं नुसतं ताई म्हटलंय. या क्षेत्रात तसंही प्रत्येक बाई ताई आणि प्रत्येक पुरुष सर असतो. मी सांगलीत छोट्या संस्थांचे हिशेब, ऑडिटची तयारी, धर्मादाय कार्यालयातली कागदपत्रं असली कामं करतो. मी या प्रकरणाचा नुसता प्रेक्षक नव्हतो. ताईंना मी दोन-तीन वेळा सल्ला दिला, आणि त्यातला एकही आज जसाच्या तसा देणार नाही.

पार्श्वभूमी

ताईंचं माहेर सांगलीचं. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केल्यावर 3 वर्षं मुंबई, 4 वर्षं झारखंड आणि 4 वर्षं दिल्ली अशी 11 वर्षं त्यांनी एनजीओंमध्ये काढली. शेवटचं पद प्रोग्राम मॅनेजर, हातात येणारा पगार 88 हजार. ऐकायला बरं वाटतं. पण प्रत्येक ठिकाणी प्रकल्प संपला की माणूस मोकळा. ग्रॅच्युइटीला तेव्हा सलग 5 वर्षं लागायची आणि ती कुठंच भरली नाहीत. म्हणजे 11 वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी शून्य. पीएफ होता तेवढाच.

सप्टेंबर 2022 मध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भाऊ बेंगळुरूला, त्याची मुलं लहान. आई एकटी. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी सुरू झाली आणि ताईंनी दिल्लीला राजीनामा मेल केला. पुढं काय, हे त्या वेळी डोक्यात नव्हतं असं नाही. सांगलीत काम मिळेलच, असा एक हिशेब होता. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. ते त्यांनी दिल्लीत बसून टीव्हीवर पाहिलं होतं. 2021 ला पुन्हा पूर आला. एकीकडं पूर, दुसरीकडं जत-आटपाडीचा दुष्काळ, मध्ये ऊसतोड मजूर. एवढे प्रश्न असलेल्या जिल्ह्यात अनुभवी माणूस लागणारच, असं त्यांना वाटलं.

माणूस लागत होताच. पण त्याच्यासाठी पगाराची तरतूद कुणाकडंच नव्हती, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

अडचण

पहिले तीन महिने ताई दिल्लीच्या पद्धतीनं नोकरी शोधत राहिल्या. डेव्हनेट (एनजीओंमधल्या नोकऱ्यांची वेबसाइट), लिंक्डइन, जुन्या सहकाऱ्यांचे फोन. 34 अर्ज केले, 5 उत्तरं आली आणि सगळी पदं पुणे, मुंबई नाहीतर दिल्लीची. 'वर्क फ्रॉम होम चालेल, पण महिन्यातले बारा दिवस प्रवास' अशी एक ऑफर होती. वडिलांना उठवून बसवायला दोन माणसं लागत होती, त्यामुळं ती गेली.

सांगलीत जाहिराती येतच नाहीत. कुठं जागा आहे हे चहाच्या टपरीवर नाहीतर ऑडिटरच्या बाकावर कळतं. शिवाय 'संस्था' हा शब्दच आमच्याकडं वेगळ्या अर्थानं चालतो. ताई सांगायच्या, 'मी संस्थेत होते,' आणि समोरचा विचारायचा, 'पतसंस्था का?' नाहीतर शिक्षण संस्था. तिसरी संस्था म्हणजे भजनी मंडळाच्या जवळपासचं काहीतरी, तिथं पगार घेतात हेच लोकांना खटकतं. 'सेवा करायची म्हणता आणि पैसे किती विचारता?' हे एका विश्वस्तांनी ताईंना तोंडावर विचारलं. ते स्वतः निवृत्त मुख्याध्यापक, पेन्शन चालू.

मुलाखती दोन झाल्या. पहिली गणपती पेठेतल्या एका माडीवर. प्रश्न असे: पाहुणे कोण तुमचे? दुचाकी येते का? लग्न? एकट्या फिराल का? दिल्लीत किती मिळत होतं? शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्यावर खोलीत शांतता पसरली. मग मुख्याध्यापक म्हणाले, 'एवढ्या पगाराच्या माणसाला आम्ही बसवायचं कुठं?'

पण त्या दिवशी खरी पंचाईत वेगळीच झाली. त्यांनी ताईंना सहज म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना एक पत्र लिहायला सांगितलं. ताईंनी 11 वर्षं इंग्रजीत अहवाल लिहिलेले, त्यातले काही मंत्रालयापर्यंत गेलेले. कागद पुढं आला तेव्हा पेन अडलं. अर्ध्या तासात जे पत्र झालं त्यात 'हितधारक' हा स्टेकहोल्डरचा शब्दशः अनुवाद तीनदा होता. तिथल्या साठीच्या लिपिक काकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, 'जावक क्रमांक कुठाय? विषय, संदर्भ? हे पत्र आवक टेबलावरनंच परत येईल की.' ताई मला हे सांगताना हसल्या. त्या दिवशी मात्र घरी जाऊन रडल्या होत्या, हे आईकडून कळलं.

पैसा कुठं आहे

थोडं विषयांतर करतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणं, मर्यादेत बसणाऱ्या कंपनीनं (वर्षाला 5 कोटी निव्वळ नफा ही त्यातली एक मर्यादा) मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हाच सीएसआरचा पैसा. पण सांगली जिल्ह्याची आर्थिक ताकद सहकारात आहे. साखर कारखाने, दूध संघ, बँका. सहकारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे, त्यामुळं कलम 135 त्यांना लागू नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत उद्योग आहेत, पण बहुतेक छोटे. म्हणजे सीएसआरसाठी बघायचं ते पुण्या-मुंबईकडंच.

दुसरा पैसा परदेशी. पूर्वी दिल्लीतली मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि त्यातला वाटा जतसारख्या तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. माझ्याकडं हिशेब असलेल्या जतच्या एका संस्थेनं त्यानंतर दोन कार्यकर्ते कमी केले. गंमत म्हणजे ताई तेव्हा दिल्लीत त्याच साखळीच्या वरच्या टोकाला होत्या. 'निधी थांबवत आहोत' असे मेल त्यांनी स्वतः छोट्या संस्थांना पाठवले होते.

आणि पुराचा पैसा? तो ट्रकनं आला आणि तीन महिन्यांत संपला. जुने कपडे मात्र वर्षभर पुरले.

समोरचे पर्याय

जानेवारी 2023 मध्ये ताई माझ्याकडं आल्या. मी पहिला सल्ला दिला तो असा: स्वतःची संस्था काढा. आमच्याकडं प्रत्येक प्रश्नावर हेच उत्तर असतं. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करायची, सात नातेवाईक सभासद, एक शिक्का, एक लेटरहेड. पण पुढचं गणित मी त्यांना नीट मांडून दाखवलं नाही. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर बारा ए, ऐंशी जी (तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या नोंदण्या, पहिली संस्थेच्या करसवलतीसाठी, दुसरी देणगीदाराच्या) आणि तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी निधीला 3 वर्षं आणि त्या काळात 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे पहिली 3 वर्षं खिशातनं. ताईंनी हे नियम स्वतः काढून वाचले आणि नको म्हणाल्या. बरं केलं.

सरकारी अभियानातली कंत्राटी पदं होती, पण भरती केव्हा निघेल याचा भरवसा नव्हता आणि मुदत 11 महिन्यांची. एक शेतकरी उत्पादक कंपनी व्यवस्थापक शोधत होती. 2020 च्या केंद्राच्या योजनेतून अशा कंपनीला 3 वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत मिळत होती, आणि त्यात व्यवस्थापकाच्या पगारासाठी महिना 25 हजारांपर्यंत तरतूद होती. रक्कम रीतसर, कागदावर. ताई जाऊन आल्या. संचालकांना हवा होता खताच्या दुकानात बसणारा माणूस. त्यांनी नकार दिला. माझ्या मते हा नकार घाईचा होता. दुकानात बसूनही सहा महिन्यांत तीनशे शेतकरी नावानं ओळखीचे झाले असते.

बारा हजारांची सही

खरा निर्णयाचा क्षण फेब्रुवारीत आला. शेजारच्या तालुक्यात एक संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वर्ग चालवत होती. कंपनीचा निधी, प्रकल्प समन्वयकाचं पद, मंजूर मानधन 32 हजार. सगळं ठरलं. कामाचं स्वरूपही ताईंना पटलं होतं. फडावर जाऊन, पाचटाच्या कोप्यांसमोर भरलेला वर्ग पाहून त्या आल्या होत्या.

सचिवांनी टेबलाचा खण उघडला, रेव्हेन्यू स्टॅम्पची पट्टी काढली, एक स्टॅम्प फाडून जिभेला लावला आणि व्हाऊचरचा नमुना पुढं सरकवला. त्यावर 32 हजार. मग म्हणाले, 'यातले बारा दरमहा संस्थेला देणगी. पावती मिळेल, ऐंशी जीची. सगळेच देतात. मीसुद्धा देतो.'

ताईंनी विचारलं, 'कंपनीला माहीत आहे?'

'त्यांना कशाला सांगायचं?'

हा माणूस चोर नव्हता, हे मी त्यांचा हिशेब पाहणारा म्हणून सांगू शकतो. त्यांनी ताईंना वही उघडून दाखवली. प्रकल्प 9 लाखांचा, कार्यालयीन खर्चाला परवानगी 5 टक्के, म्हणजे वर्षाला 45 हजार. खोलीभाडं महिना साडेसहा हजार, म्हणजे भाड्यालाच 78 हजार. लाइट, अकाउंटंट, ऑडिट फी हे वेगळंच. तूट कार्यकर्त्यांच्या व्हाऊचरमधून भरून निघायची.

ताई विचार करायला दोन दिवस मागून घेऊन माझ्याकडं आल्या. मी म्हटलं, घ्या. आत जा, मग हळूहळू सुधारा. वीस हजार हातात आले तर फिजिओथेरपीचे पैसे सुटतील. त्यांनी विचारलं, 'काका, हे 5 टक्के कुठल्या नियमात आहेत?' मी म्हटलं, सीएसआरच्या नियमात. सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी नकार कळवला. तिथं दुसरा मुलगा लागला. त्यानं सही केली आणि हंगाम संपेपर्यंत वर्ग चांगला चालवला. हेही नोंदवायला हवं, कारण ताईंच्या नकारानं कुणाचंच काही सुधारलं नाही. सुटली ती फक्त त्यांची स्वतःची सही.

काय केलं

नकारानंतर ताईंनी अर्ज करणं थांबवलं आणि दोन गोष्टी केल्या.

एक, त्या माडीवरच्या लिपिक काकांकडं जाऊन मराठी कार्यालयीन पत्रव्यवहार शिकल्या. महिनाभर, रोज दुपारी दीड तास, बदल्यात त्यांना एक्सेल शिकवायचं. काकांनी 'महोदय' नंतरचं पहिलं वाक्य कसं सुरू करायचं इथपासून शिकवलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे ताई आता झोपेतही म्हणतात.

दोन, त्या 5 टक्क्यांचा नियम शोधून काढला. कंपन्यांच्या सीएसआर नियमांत, 2021 च्या दुरुस्तीनंतरच्या मजकुरात, प्रशासकीय खर्चाला 5 टक्के मर्यादा आहेच. पण ती कंपनीनं स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापनावर करायच्या खर्चाची आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येत धरलेलाच नाही. संस्थेच्या अंदाजपत्रकात किती कार्यालयीन खर्च मान्य करायचा, हा कंपनी आणि संस्था यांच्यातल्या कराराचा विषय.

ताईंनी ते पान माझ्या टेबलावर ठेवलं. मी सात वर्षं प्रत्येक संस्थेला 'पाचच्या वर टाकू नका' सांगत आलो होतो. कुणीतरी मला सांगितलं होतं, मी पुढं सांगितलं. अशा किती व्हाऊचरांवर माझ्या या एका वाक्यामुळं सह्या झाल्या असतील, तो हिशेब मी मांडलेला नाही.

मे 2023 पासून ताईंनी छोट्या संस्थांना प्रपोजल लिहून द्यायला सुरुवात केली. इथं पुन्हा एक फाटा आला. बहुतेक संस्था म्हणायच्या, 'आत्ता पैसे नाहीत, निधी आला की दहा टक्के घ्या.' रीत तशीच आहे. ताईंनी टक्केवारी घ्यायला नकार दिला, कारण ते दहा टक्के अंदाजपत्रकात कुठंतरी लपवावे लागणार, म्हणजे पुन्हा तेच व्हाऊचर. त्यांनी ठरलेली फी लावली: एका प्रपोजलला 8 हजार, निधी येवो न येवो. सहापैकी दोघांनी मान्य केलं.

त्यातली एक जतची, कार्यकर्ते कमी केलेली संस्था. तिथल्या अंदाजपत्रकात ताईंनी कार्यालयीन खर्चाचं स्वतंत्र पान जोडलं. भाड्याचा करार, लाइटची मागच्या वर्षाची बिलं, ऑडिट फीची पावती, आणि प्रकल्पाच्या वाट्याला त्यातलं किती येतं याचा तक्ता. एकूण 14 टक्के. 'मानधन' हा शब्द सगळीकडून खोडून 'पगार' लिहिला. संस्थेचे अध्यक्ष घाबरले होते, हे बघून फाईलच परत येईल म्हणून. पुण्याहून कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला तो एवढंच विचारायला की लाइट बिल दोन मीटरचं का आहे. 11 टक्क्यांवर मंजूर झालं.

निष्पत्ती

आज ताईंची स्थिती अशी आहे. पुण्यातल्या एका संस्थेसाठी महिन्याला 12 दिवस घरून काम, दिवसाचे 2,200. सल्लागार म्हणून पैसे मिळतात, त्यामुळं 10 टक्के टीडीएस कापून 23,760 हातात येतात. जतच्या प्रकल्पात अर्धवेळ समन्वयक, पगार 18 हजार, व्हाऊचरवर लिहिलेला आणि हातात येणारा आकडा एकच. दिल्लीच्या निम्म्याहूनही कमी. पीएफ नाही. आठवड्यातून दोनदा जतला एसटीनं जाऊन-येऊन चार तास. वडील आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात.

यशोगाथा म्हणून हे सांगायला मला अवघड जातं. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं आणि नवा करार व्हायला जून-जुलै उजाडतो. मधले तीन महिने काम चालू, पगार बंद. पहिल्या वर्षी ताईंना हे माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी पीएफची रक्कम काढली. घरी आई अजून शेजारणींना 'ती घरूनच काहीतरी करते' असं सांगते, कारण काय करते ते सांगायला सुटसुटीत शब्द नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंचं स्वतःचं उत्तर पहिलं देतो. त्या म्हणतात, राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मागायला हवी होती. दिल्लीची संस्था तीन महिने नक्की थांबली असती. ऑक्टोबरमध्ये परत येणं हे वेळेच्या दृष्टीनंही चुकलं, कारण त्या वर्षाचे करार आणि माणसं तोवर ठरलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रपोजल लिहायच्या हंगामात आलं असतं तर स्वतःचं पद स्वतःच अंदाजपत्रकात घालता आलं असतं. आणि दिल्लीचा आकडा पहिल्या बैठकीत सांगायला नको होता. या शेवटच्या मुद्द्यावर आमचं एकमत नाही. आकडा लपवला असता तर तो 'पाहुण्यांकडून' आठवड्यात बाहेर आलाच असता.

माझ्या मते त्या व्हाऊचरच्या प्रसंगात एक तिसरा रस्ता होता आणि तो आम्हा दोघांनाही तेव्हा दिसला नाही. सही करणं आणि नाकारणं यांच्या मध्ये, कंपनीच्या अधिकाऱ्यांना अंदाजपत्रक बदलून मागणारं एक पत्र. जावक क्रमांकासकट. फेब्रुवारीत ताईंना ते मराठीत लिहिता येत नव्हतं आणि मला त्यात काय लिहायचं ते ठाऊक नव्हतं.

गेल्या जूनमध्ये त्याच सचिवांचा ताईंना फोन आला. 'ताई, ते कार्यालयीन खर्चाचं पान म्हणतात ते आमच्यासाठी करून द्या की जरा.' ताईंनी दोन दिवसांत करून पाठवलं आणि सोबत 8 हजारांचं बिल जोडलं. बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत.